कानातला आवाज आणि ऐकीव गोष्टी

कुणाच्या कानात कुकरची न संपणारी शिट्टी असते, कुणाच्या रातकिड्यांची किरकिर, कुणाच्या रस्त्यावरच्या डीपीचा गुणगुणाट. बाहेर काहीही वाजत नसताना ऐकू येणाऱ्या या आवाजाला आधुनिक वैद्यकात टिनिटस म्हणतात, आयुर्वेदात कर्णनाद. 'जामा न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात २०२२ साली जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना, म्हणजे ७४ कोटींहून अधिक माणसांना, हा अनुभव येतो; त्याचा तीव्र त्रास मात्र सुमारे २ टक्क्यांनाच होतो. आवाज आहे पण आयुष्य अडलेले नाही, अशांचीच संख्या प्रचंड आहे. अडलेल्यांपैकी बरेच जण त्या गटात जाऊ शकतात. त्यांच्या वाटेत आवाजाइतक्याच आड येतात त्या आवाजाविषयीच्या समजुती.

"कानात मळ साचलाय, नाहीतर वारा शिरलाय. कोमट तेल सोडा, थांबेल."

या समजुतीत थोडे तथ्य आहे, म्हणूनच ती टिकून आहे. मळाचा घट्ट बोळा पडद्याला टेकला तर कान वाजू शकतो आणि तो काढल्यावर आवाज थांबतोही. अशा एका माणसाचा अनुभव मग गल्लीभर औषध म्हणून फिरतो. पण दीर्घकाळ चालणाऱ्या टिनिटसमध्ये बहुतेकांचा कान स्वच्छच असतो. पडद्याला छिद्र असेल, तर तेल थेट मधल्या कानात उतरते. दमट हवेत, विशेषतः कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात, ओलसर राहिलेल्या कानात बुरशी सहज वाढते. काडीने किंवा चावीने कोरल्यास मळ आणखी आत सरकतो. मळ आहे की नाही, हे कानात दिवा टाकून पाहणाऱ्या डॉक्टरला अर्ध्या मिनिटात कळते. तेवढे झाल्याशिवाय कानात काहीही सोडू नये.

"आवाज कानात आहे. कानाची नसच बंद केली की प्रश्न मिटला."

आवाज उजव्या कानात 'ऐकू' येतो, तेव्हा तो उजव्या कानातच तयार होतो असे वाटणे स्वाभाविक आहे. याची परीक्षा शस्त्रक्रियेच्या टेबलावर नकळत होऊन गेली आहे. श्रवणाच्या नसेजवळची गाठ काढताना काही रुग्णांची ती नस कापावीच लागते. हाउस आणि ब्रॅकमन या अमेरिकी शल्यविशारदांनी १९८१ मध्ये अशा रुग्णांची नोंद मांडली. सुमारे ४० टक्क्यांनाच आवाजात उतार पडला. उरलेल्यांचा तो तसाच राहिला किंवा वाढला. त्या कानाने जगातला एकही आवाज ऐकू येत नव्हता, पण शिट्टी चालूच होती.

सध्या सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण असे आहे. वयामुळे, गोंगाटामुळे किंवा काही औषधांमुळे आतल्या कानातील केसपेशी निकामी होतात आणि मेंदूकडे जाणारे संदेश घटतात. मेंदूतील श्रवणकेंद्रे ही तूट भरून काढण्यासाठी स्वतःची संवेदनशीलता वाढवतात आणि मग चेतापेशींची एरवीची पार्श्वभूमीची हालचालच आवाज म्हणून जाणवू लागते. जबडा आवळला किंवा मान वळवली की अनेकांच्या कानातला सूर बदलतो, कारण मान-जबड्याकडून येणाऱ्या चेता आणि श्रवणाच्या चेता मेंदूच्या तळाशी एकमेकींना भेटतात. सुरुवात कानातल्या बिघाडापासून झाली, तरी आवाजाचे बिऱ्हाड मेंदूत असते. थेंब, फवारे आणि वाफारे तिथे पोहोचत नाहीत.

"कान वाजू लागले म्हणजे बहिरेपण आलेच."

या भीतीमागे मोठी नावे आहेत. बीथोव्हनने १८०१ साली आपल्या डॉक्टर मित्राला, वेगेलरला, पत्र लिहून कानातल्या अहोरात्र आवाजाची आणि मंदावत चाललेल्या श्रवणाची कैफियत कळवली होती. चेक संगीतकार स्मेताना १८७४ मध्ये पूर्ण बहिरा झाला. १८७६ च्या आपल्या आत्मचरित्रपर तंतुवाद्य-चौकडीच्या शेवटच्या भागात त्याने आपल्या कानात वाजणारा तीव्र सूर व्हायोलिनवर लांबवून ठेवला आहे. दोघांचीही कहाणी बहिरेपणाशी संपते, त्यामुळे आवाजानेच बहिरे केले असा अर्थ निघतो. क्रम मात्र उलटा आहे. बहुतेक वेळा ऐकणे आधी थोडे उतरते आणि आवाज त्यातून उद्भवतो. आवाज स्वतः एकाही केसपेशीला इजा करत नाही. ऐकू येणे पुढे आणखी कमी होईल की नाही, हे मूळ कारणावर ठरते आणि अनेकांचे ते वर्षानुवर्षे जिथल्या तिथे राहते.

"ऑडिओग्राम नॉर्मल आला, म्हणजे हा नुसता मनाचा खेळ."

घरच्यांचा संशय समजण्याजोगा आहे. दुसऱ्या कुणाला आवाज ऐकू येत नाही, यंत्र काही दाखवत नाही, मग आहे काय? पण नेहमीची श्रवणचाचणी साधारण ८,००० हर्ट्झपर्यंतच होते. त्यापलीकडच्या उंच स्वरांमधली तूट तिच्यात दिसतच नाही. डोकेदुखीही कुठल्या यंत्रात दिसत नाही. म्हणून ती खोटी ठरत नाही.

काहींना याहून मोठी भीती वाटते, ती वेड लागण्याची. मनोविकारात ऐकू येणारे भास बहुधा बोलणाऱ्या, आज्ञा देणाऱ्या किंवा टीका करणाऱ्या माणसांचे असतात. टिनिटस म्हणजे अर्थहीन शिट्टी, घुर्र किंवा सळसळ. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. मात्र महिनोन्‌महिने झोप उडाली की चिंता आणि नैराश्य येऊ शकते, आणि त्यावर उपचार घेणे म्हणजे आवाज खोटा असल्याची कबुली देणे नव्हे. जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर कानाच्या डॉक्टरच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

"हा अनाहत नाद आहे. साधना फळाला येतेय, औषध कसले घेता?"

ही समजूत आपल्याकडच्या परंपरेतली, आणि तिच्याकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही. हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या प्रकरणात नादानुसंधान आहे. कान मिटून आत ऐकू येणाऱ्या नादांमध्ये समुद्र, मेघ, भेरी, शंख, घंटा, वेणू, वीणा आणि भ्रमर यांच्यासारखे नाद तिथे सांगितले आहेत. टिनिटसच्या रुग्णाला हे वर्णन ओळखीचे वाटले तर नवल नाही. पण तो अभ्यास साधक ठरवून करतो, ठरवून थांबवतो. औषध दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या एका कानात मंगळवारी दुपारी अचानक शिट्टी सुरू झाली, तर तिला साधना म्हणता येत नाही. अशा वेळी अध्यात्माचा आधार घेऊन तपासणी टाळल्यास धोका होऊ शकतो. त्याची कारणे पुढे येतील. चरकसंहितेने तर आतला आवाज ऐकू येणे हे निरोगीपणाचेच धरले आहे: बोटांनी कान बंद केल्यावर ज्वाळेसारखा शब्द ज्याला ऐकू येत नाही, त्या रुग्णाची आशा वैद्याने सोडावी, असे इंद्रियस्थानात आहे.

मनाला शांत करणारी गोष्ट म्हणून हा भाव कुणाच्या उपयोगी पडत असेल, तर पडू द्यावा. आवाजाकडे शत्रू म्हणून न पाहणे ही उपचाराची अर्धी वाट आहे.

"'सवय करून घ्या' म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले."

या विषयातला सर्वांत महागडा गैरसमज हाच, आणि त्याला डॉक्टरही जबाबदार आहेत. गर्दीच्या ओपीडीत 'यावर इलाज नाही, सवय करून घ्या' हे वाक्य पाच सेकंदांत उच्चारले जाते. सवय कशी करायची हे सांगायला वेळ उरत नाही. रुग्णाला ते 'आता भोगा' असे ऐकू येते. वास्तविक 'आवाज कायमचा बंद करणारा खात्रीचा इलाज नाही' हे खरे आणि 'काही करता येत नाही' हे खोटे. दोन्ही वाक्ये दाराबाहेर पडताना एकच होऊन जातात.

आवाज किती मोठा आणि त्रास किती, यांचा संबंध आश्चर्य वाटावे इतका सैल आहे. बाहेरच्या सुराशी तुलना करून मोजला, तर बहुतेकांचा टिनिटस त्या पट्टीत त्यांना जेमतेम ऐकू येणाऱ्या पातळीपेक्षा १०-१५ डेसिबलच्या आतच वर भरतो. तेवढ्याच आवाजाने एकाची झोप उडते आणि दुसऱ्याला त्याची आठवणही होत नाही. पावेल यास्त्रेबॉफ या संशोधकाने १९९० मध्ये मांडलेल्या प्रतिमानात याचे उत्तर आहे. मेंदूने एखाद्या आवाजावर 'धोका' असा शिक्का मारला की भावना आणि सावधगिरी यांची केंद्रे जागी होतात. छाती धडधडते, लक्ष पुन्हा पुन्हा तिकडे जाते आणि लक्ष गेले की आवाज मोठा वाटतो. शिक्का पुसला गेला की तोच आवाज गाळला जातो. पिठाच्या गिरणीच्या वर राहणाऱ्या कुटुंबाला पट्ट्याची घरघर ऐकूच येत नाही; पाहुण्याला मात्र ती पहिल्याच दुपारी असह्य होते.

शिक्का पुसण्याचे काम नशिबावर सोडावे लागत नाही. बोधात्मक वर्तनोपचार ही पद्धत इथे सर्वाधिक तपासली गेली आहे. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१० च्या आढाव्यात तिने आवाजाचा मोठेपणा कमी झालेला आढळला नाही, पण जगण्याची प्रत सुधारलेली दिसली. २०२० च्या आढाव्यात २८ चाचण्या आणि २,७३३ रुग्ण होते, आणि दैनंदिन आयुष्यावरचा परिणाम घटतो असेच त्यातही आढळले. नेदरलँड्समध्ये ४९२ प्रौढांवर झालेली, २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलेली चाचणीही याच बाजूची आहे.

ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही. कि. मो. फडके यांच्या पुस्तकांमुळे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी वाचकाला चांगली परिचित आहे, आणि हे उपचार त्याच कुळातले. 'आता मला कधीच झोप लागणार नाही' या विचाराला पुरावा मागायचा: गेल्या आठवड्यात किती रात्री झोप लागली? आवाजामुळे सोडून दिलेली भजनी मंडळाची बैठक, पत्त्यांचा डाव, नातवाला शाळेत सोडणे पुन्हा सुरू करायचे; आवाज थांबल्यावर नव्हे, आवाजासकट. सकाळी डोळे उघडताच 'आज किती आहे?' हे तपासण्याची खोड सोडायची, कारण तपासणे म्हणजे मेंदूला पुन्हा पहाऱ्यावर बसवणे. उठण्याची वेळ रोज एकच ठेवायची, आणि झोप येत नसेल तर कूस बदलत पडून राहण्यापेक्षा उठून दुसऱ्या खोलीत काहीतरी शांत, कंटाळवाणे काम करायचे. यातले काहीच चमत्कारिक नाही. फरक पडायला काही महिने लागतात, आणि तो इतका हळू पडतो की बऱ्याचदा घरच्यांच्या आधी लक्षात येतो.

ज्यांचे ऐकणे उतरले आहे, त्यांच्यासाठी श्रवणयंत्र हा दुसरा भक्कम आधार. बाहेरचे आवाज परत येऊ लागले की आतल्या आवाजाचा एकटेपणा संपतो आणि संभाषणासाठी कान ताणण्याची दमणूकही घटते. 'यंत्र लावले की म्हातारे दिसतो' या लाजेपायी लोक वर्षे घालवतात. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही, पण चष्म्याची लाज कुणाला वाटत नाही हे सांगायला हरकत नाही. यंत्र दुकानातून उचलून आणण्याऐवजी प्रशिक्षित ऑडिओलॉजिस्टकडून बसवून घ्यावे. मुंबईत वांद्र्याला असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच क्षेत्रातली आहे.

"शांत खोलीत राहावे, कानात बोळे घालावेत."

आवाजाने त्रासलेला माणूस शांतता शोधणारच. इथे मात्र शांततेनेच आवाज फुगतो. हेलर आणि बर्गमन यांनी १९५३ मध्ये चांगले ऐकू येणाऱ्या ८० प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत बसवले. ९४ टक्क्यांना काही ना काही ऐकू आले. २०१२ च्या एका प्रयोगात १८ स्वयंसेवकांनी सात दिवस एका कानात बोळा ठेवला. १४ जणांना नसलेले आवाज ऐकू आले आणि बोळा काढल्यावर ते गेले. बाहेरचा पुरवठा तोडला की मेंदू आतून भरपाई करतो. सतत बोळे घातल्याने साध्या आवाजांचीही ताकद वाढल्यासारखी वाटू लागते, आणि मग भांड्यांचा खणखणाटही सोसवत नाही.

म्हणून खोलीत हलका, अर्थहीन आवाज असू द्यावा: पंखा, पावसाची ध्वनिफीत, मंद तानपुरा. तो कानातल्या आवाजाला बुडवणारा नको, त्याच्यापेक्षा किंचित खालीच असावा. शिट्टी पूर्ण झाकली गेली, तर तिची सवय होणार कशी?

बोळ्यांची खरी जागा वेगळी आहे, आणि तिथे ते हटकून विसरले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबलचा फक्त ४. विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर शंभराच्या पुढचे आकडे नेहमीचे आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल लिहिलेले आहेत, ही बाब मिरवणुकीच्या मार्गावर राहणाऱ्यांना विनोदी वाटेल. ढोल-ताशा पथकातल्या मुला-मुलींनी सरावालाही बोळे घालावेत. लयीत काही बिघडत नाही.

"यावर गोळी आहे, फक्त आपल्या डॉक्टरांना माहीत नाही."

टिनिटस कमी-जास्त होत राहतो. माणूस नवे औषध घेतो ते आवाज शिगेला पोहोचलेला असताना; त्यानंतर तो उतरणारच होता, श्रेय गोळीला मिळते. म्हणूनच तुलनेसाठी औषध नसलेली हुबेहूब गोळी देऊन पाहावे लागते. जिंको या वनस्पतीच्या गोळीची अशी परीक्षा ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक लोकांवर झाली. 'बीएमजे' या नियतकालिकात २००१ मध्ये आलेल्या निकालात ती त्या कोऱ्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी बीटाहिस्टिन चक्करेसाठी वापरतात; टिनिटसवर तिचा उपयोग २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसला नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये जिंको, मेलाटोनिन, झिंक आणि तत्सम पूरके सुचवू नयेत असे स्पष्ट लिहिले. बी-१२ रक्तात कमी असेल तर ते जरूर घ्यावे; ते कमतरतेसाठी.

उलट, काही औषधांनी कान वाजतात: मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिन, क्विनाइन, काही प्रतिजैविके, कर्करोगावरील सिस्प्लॅटिन. हे वाचून हृदयरोग्याने ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन परस्पर बंद करू नये. ती मात्रा फार लहान आहे आणि ती थांबवण्याचा धोका फार मोठा.

"चहा, कॉफी बंद करा."

कॅफिन उत्तेजक, म्हणून ते आवाजही भडकवत असणार, हा तर्क सरळ वाटतो. पण ६५ हजारांहून अधिक अमेरिकी परिचारिकांच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जास्त कॅफिन घेणाऱ्यांत टिनिटस कमीच आढळला. त्यावरून कॉफीला औषध ठरवू नये. चहा सोडण्याची शिक्षा मात्र अनावश्यक आहे. संध्याकाळच्या कपाने झोप उडत असेल, तर तेवढा टाळावा.

"सवयच करायची, तर तपासण्या कशाला?"

कारण काही आवाज सवय करण्यासारखे नसतात. नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा आवाज रक्तवाहिनीतील दोषाची किंवा डोक्यातील वाढलेल्या दाबाची खूण असू शकतो. एकाच कानात आवाज आणि त्याच कानाचे ऐकणे कमी, तर श्रवणाच्या नसेवरची गाठ नाही ना, हे एमआरआयने पाहावे लागते. सोबत गरगरणे, चेहरा वाकडा होणे किंवा डोक्याला मार लागल्याचा इतिहास असेल, तर उशीर नको.

सगळ्यांत तातडीची गोष्ट वेगळीच. सकाळी उठल्यावर एका कानाने एकदम कमी ऐकू येऊ लागते, कान वाजतो, आणि माणूस 'सर्दीने कान बसला' म्हणून आठ दिवस वाफ घेतो. अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता पहिल्या दोन आठवड्यांत, त्यातही जितके लवकर तितकी जास्त असते. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जाणे ही घबराट नव्हे.

"एकदा सवय झाली की आवाज पुन्हा डोके वर काढत नाही."

काढतो. जागरण, ताप, घरातले आजारपण, लग्नसराईतला बँड यांनंतर दोन-चार दिवस तो वाढतो, आणि 'सगळी मेहनत वाया गेली' असे वाटते. पहिल्या वेळच्या घबराटीची आठवण ताजी असल्याने तसे वाटणे साहजिक आहे. पण मेंदूने शिकलेले पुसले गेलेले नसते. या दिवसांत नव्या गोळ्या शोधू नयेत आणि ठरलेली कामे रद्द करू नयेत. उठण्याची वेळ तीच ठेवावी आणि रात्रीचा पंखा तसाच चालू ठेवावा. वाढ आठवडाभरात ओसरली नाही, एकाच कानापुरती राहिली किंवा समोरच्याचे बोलणे पुन्हा पुन्हा विचारावे लागू लागले, तर ऑडिओग्राम नव्याने काढून जुन्याशी ताडून पाहावा. कान एकदम बसल्यासारखा झाला, तर आठवडाही थांबू नये.